मेहुण्याचे चार लाख

धंदा बसला, आता नादारीचा अर्ज करायचा, असं ठरलं की त्या रात्री अंथरुणात पडल्यापडल्या मनातल्या मनात एक यादी तयार होते. कोणाचे बुडाले तरी चालतील आणि कोणाचे बुडवायचे नाहीत, अशी ती यादी. बँकेचं काय, तिचं पोट मोठं. क्रेडिट कार्डवाल्यानं मुद्दलाच्या वर व्याज केव्हाच वसूल केलंय. पण मेहुण्यानं मुलीच्या लग्नासाठी साठवलेले चार लाख एका शब्दावर हातउसने दिले होते. ना कागद, ना व्याज. ते बुडवले तर येत्या भाऊबीजेला बायकोनं त्याला ओवाळायचं कोणत्या तोंडानं?

मग बेत ठरतो. गल्ल्यात आणि खात्यात जे काही उरलंय त्यातून आधी मेहुण्याचे फेडायचे आणि नंतर कोर्टाची पायरी चढायची. बेत सज्जनपणाचा आहे, यात शंका नाही. कायदा मात्र त्याला ‘अधिमान’ म्हणतो, म्हणजे एकाला झुकतं माप. आणि त्याचा फटका बसतो तो पैसे देणाऱ्याला कमी, मेहुण्याला जास्त. हे कसं घडतं ते सावकाश पाहू.

आधी कोणता कायदा, ते. ‘दिवाळखोरी संहिता’ हे शब्द २०१६ पासून वर्तमानपत्रांत इतके येतात की सगळ्यांसाठी तोच कायदा आहे, असं वाटतं. व्यक्तींसाठीचा तिचा तिसरा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. बाकीच्यांसाठी दोन जुने कायदे अजून उभे आहेत. मुंबईत १९०९ चा प्रेसिडेन्सी टाउन्स इन्सॉल्व्हन्सी अ‍ॅक्ट, त्याचा अर्ज उच्च न्यायालयात, आणि मालमत्ता ताब्यात घेणारा अधिकारी म्हणजे ऑफिशियल असायनी. मुंबईबाहेर १९२० चा प्रॉव्हिन्शियल इन्सॉल्व्हन्सी अ‍ॅक्ट, अर्ज जिल्हा न्यायालयाकडे, आणि ताबा रिसीव्हरकडे. म्हणजे इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याला किंवा नाशिकच्या किराणा दुकानदाराला शंभर वर्षांपूर्वीचंच दार ठोठावावं लागतं. ते दार किती जुनं आहे बघा: देणी किमान पाचशे रुपयांची असावीत, अशी अर्जदारासाठी त्यात एक अट आहे. आज पाचशेत दोघांचं जेवण धड होत नाही.

आता मुळातला विचार. ‘दिवाळं’ या शब्दाची एक व्युत्पत्ती अशी सांगतात की, बुडालेला व्यापारी भर दिवसा दुकानात दिवा लावून बसे. व्युत्पत्ती खरी असो-नसो, चित्र नेमकं आहे. तो दिवा सगळ्या धनकोंना एकाच वेळी दिसतो. ज्यानं आधी पाहिलं त्यानं आधी लुटावं, असं होऊ नये. सगळ्यांनी एकत्र यावं आणि उरलंसुरलं देण्याच्या प्रमाणात वाटून घ्यावं, एवढंच नादारीच्या कायद्याचं सार आहे. दिवा लावण्याआधी मागच्या दारानं एकाला बोलावून त्याचं पूर्ण फेडलं, तर पुढच्या दारी उभे राहिलेल्यांचा वाटा तेवढा घटतो.

आकड्यांत मांडू. समजा, एका दुकानदाराची देणी चोवीस लाख आहेत: बँकांची विनातारण कर्जं आणि कार्डं मिळून अकरा लाख, पतसंस्थेचे पाच, माल देणाऱ्या व्यापाऱ्यांचे चार आणि मेहुण्याचे चार. हाताशी सहा लाख. सरळ वाटणी केली तर रुपयामागे पंचवीस पैसे पडतात. रिसीव्हरचा खर्च तूर्त बाजूला ठेवू. मेहुण्याला एक लाख, पतसंस्थेला सव्वा लाख, असं. आता त्यानं अर्जाच्या पंधरा दिवस आधी मेहुण्याचे चार लाख फेडले. उरले दोन लाख आणि देणी वीस लाख. रुपयामागे दहा पैसे. मेहुण्याला रुपयाचा रुपया मिळाला, तो इतरांच्या पंचवीस पैशांतले पंधरा पैसे काढून. ज्या व्यापाऱ्यानं दिवाळीचा माल उधारीवर भरला होता त्याच्याही घरात मुलगी लग्नाची असू शकते, हे त्या रात्रीच्या यादीत कोणी लिहीत नाही.

हे थांबवणारं कलम प्रॉव्हिन्शियल कायद्यात चोपन्नावं, तर मुंबईच्या कायद्यात छप्पन्नावं. दोन्ही जवळजवळ एकाच सुरात आहेत. त्यांचा गाभा असा: आपली देणी वेळच्या वेळी स्वतःच्या पैशातून फेडू न शकणाऱ्या माणसानं एखाद्या धनकोला इतरांपेक्षा झुकतं माप देण्याच्या इराद्यानं पैसे दिले, मालमत्ता लिहून दिली, नवं बंधन पत्करलं किंवा कोर्टात मुद्दाम हुकूमनामा होऊ दिला, आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आत दाखल झालेल्या अर्जावरून तो नादार ठरला, तर तो व्यवहार रिसीव्हरच्या दृष्टीनं कपटाचा आणि पोकळ ठरतो. कोर्ट तो रद्द करतं.

‘स्वतःच्या पैशातून’ हे शब्द उगाच नाहीत. याची टोपी त्याच्या डोक्यावर, अशी फिरवाफिरवी करून हप्ते भरणारा माणूस वरवर सगळ्यांचं देताना दिसतो. एका कार्डावरून उचल करून दुसऱ्या कार्डाचं बिल भरणं ही फेडण्याची क्षमता नव्हे, आणि कायदाही तसं मानत नाही.

खरी गोम आहे ‘इराद्यानं’ या शब्दात. व्यवहार झाला, तीन महिन्यांत अर्ज झाला, एवढ्यानं भागत नाही. देणाऱ्याच्या मनात प्रमुख हेतू झुकतं माप देण्याचाच होता, हे रिसीव्हरला दाखवावं लागतं. या तत्त्वाची मुळं इंग्लंडमध्ये आहेत. लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी १७६८ सालीच सांगितलं होतं की, दिवाळं डोळ्यांसमोर दिसत असताना व्यापाऱ्याला आपल्या मर्जीनं एकाला वर काढता येणार नाही. पण ‘मर्जीनं’ म्हणजे काय? १८९९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर शार्प विरुद्ध जॅक्सन हे प्रकरण आलं. एका सॉलिसिटरनं विश्वासानं सोपवलेल्या पैशांत अफरातफर केली होती, आणि बुडण्याच्या तोंडावर मालमत्ता लिहून देऊन त्यानं ती भोकं बुजवली. न्यायाधीशांचं म्हणणं पडलं की, त्याला त्या लोकांचं भलं करायचं नव्हतं, स्वतःची कातडी वाचवायची होती. म्हणून तो व्यवहार टिकला. आपल्याकडची न्यायालयंही प्रमुख हेतूची हीच कसोटी लावत आली आहेत.

यातून एक विचित्र गोष्ट निघते. ज्या धनकोनं दारात येऊन तगादा लावला, वकिलाची नोटीस धाडली, जप्तीची धमकी दिली, त्याला दिलेले पैसे बहुधा टिकतात. कारण ते दबावाखाली दिले, मर्जीनं नाही. आणि जो बिचारा गप्प बसला, ‘भावजी, तुमची अडचण मला कळते, जमेल तेव्हा द्या’ म्हणाला, त्याला आपण होऊन दिलेले पैसे कलमात अचूक बसतात. प्रेमानं दिलं तर कपट, भीतीनं दिलं तर व्यवहार. मला हे कधीच पटलेलं नाही, पण कायदा आहे तो असा आहे. अर्थात दबावाचं नाटक करून उपयोग नसतो. ‘मला एक कडक नोटीस पाठव, म्हणजे तुझे आधी देता येतील’ असा फोन मेहुण्याला केला, तर तो फोनच पुरावा होतो. आणि अर्ज करायचं आधीच पक्कं झालेल्या माणसावर दाव्याच्या धमकीचा दबाव तो काय पडणार, असंही कोर्ट विचारतं.

आता पैसे दिल्यावर पुढे काय घडतं ते पाहू. अर्जासोबत देणी, धनकोंची नावं-पत्ते आणि मालमत्ता यांची यादी द्यावी लागते. हिशेबाच्या वह्या हजर कराव्या लागतात. रिसीव्हर खात्यांचे उतारे मागतो. पूर्वी रोख दिलेले पैसे हवेत विरत. आता खात्यातून किंवा यूपीआयनं गेलेल्या प्रत्येक रुपयाला तारीख, वेळ आणि नाव असतं. चार लाख एकरकमी, आडनाव बायकोच्या माहेरचं, तारीख अर्जाच्या पंधरा दिवस आधी. हे शोधायला कोणी गुप्तहेर लागत नाही.

रिसीव्हर कोर्टाकडे तो व्यवहार रद्द करण्याचा अर्ज करतो. त्यानं केला नाही, तर देणं सिद्ध केलेला कोणताही धनको कोर्टाच्या परवानगीनं करू शकतो. पतसंस्थेचा वसुली अधिकारी ही संधी सोडेल असं समजू नका. हुकूम झाला की पैसे परत करायची जबाबदारी मेहुण्यावर येते. दरम्यान हॉलवाल्याला बयाणा गेला असेल, मुलीचे दागिने झाले असतील. ‘खर्च झाले’ हे उत्तर तिथं चालत नाही. त्यानं ते पैसे परत केले की त्याचं मूळ देणं पुन्हा जिवंत होतं. मग तो इतरांच्या रांगेत उभा राहतो आणि त्याला त्याचे रुपयामागे पंचवीस पैसे, म्हणजे एक लाख, मिळतात. जे पहिल्या दिवशी सरळ मिळालं असतं तेच, फक्त वर्ष-दोन वर्षांच्या कोर्टाच्या फेऱ्या, वकिलाची फी आणि नात्यात पडलेली गाठ यांच्यासह.

हे ऐकून हुशार माणूस म्हणतो, तीनच महिने ना? मग आज मेहुण्याला देतो आणि चार महिन्यांनी अर्ज करतो. यात दोन अडचणी आहेत. पहिली, अर्ज फक्त तुम्हीच करू शकता असं नाही. धनकोही करू शकतो. एखाद्या धनकोला झुकतं माप म्हणून मालमत्ता लिहून देणं हीच मुळी ‘नादारीची कृती’ मानली जाते, आणि तीन महिन्यांच्या आत तिच्याकडे बोट दाखवून दुसरा धनको कोर्टात जाऊ शकतो. घड्याळ तुमच्या एकट्याच्या मनगटावर नसतं. दुसरी, नादार ठरणं हा मधला मुक्काम आहे; खरा शेवट म्हणजे मुक्ततेचा हुकूम, तो आपण होऊन वेगळा अर्ज करून मागावा लागतो. त्या वेळी कोर्ट आधीची वागणूक तपासतं. वह्या ठेवल्या होत्या का, बुडालोय हे कळल्यावरही उधारी वाढवत नेली का, मालमत्ता लपवली का. विनातारण देण्यांच्या मानानं मालमत्ता रुपयाला आठ आण्यांपेक्षा कमी असेल, तर ते आपल्या हाताबाहेरच्या कारणांमुळे, हेही पटवावं लागतं.

आणि घर किंवा जमीन नातेवाइकाच्या नावावर फुकट करून देण्याचा विचार असेल, तर त्याला तीन महिन्यांचं नाही, दोन वर्षांचं कलम आहे. बायकोच्या नावावर बक्षीसपत्र ही युक्ती इतकी जुनी आहे की कायदा करणाऱ्यांनी १९०९ सालीच तिची सोय लावून ठेवली.

नव्या संहितेत हे सगळं अधिक कडक आहे. आज ते कंपनीच्या कर्जाला हमी देणाऱ्या संचालकाला लागतं. उद्या सगळ्यांना लागेल तेव्हा दुकानदारालाही लागेल. त्यात परक्या धनकोसाठी मागचे सहा महिने तपासले जातात आणि नात्यागोत्यातल्यांसाठी दोन वर्षं. बायकोकडचे नातेवाईक त्यात येतात, म्हणजे आपला मेहुणाही. जवळच्या माणसाला दिलं असेल तर इरादा झुकत्या मापाचाच होता, असं आधीच गृहीत धरलं जातं. तसं नव्हतं हे दाखवायचं ओझं दुसऱ्या बाजूवर पडतं. जामीनदाराला वाचवण्यासाठी केलेली फेडही त्यात स्पष्टपणे येते. आपल्याकडे पतसंस्थेच्या कर्जाला शेजारी नाहीतर सहकारी जामीन राहिलेला असतो, हे लक्षात घेतलं की या एका शब्दाचं वजन कळतं. कंपन्यांच्या बाबतीत तर इराद्याचा प्रश्नच उरलेला नाही. जेपी इन्फ्राटेकच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२० मध्ये मूळ कंपनीच्या कर्जासाठी बँकांकडे गहाण टाकलेली साडेसातशेहून अधिक एकर जमीन सोडवली, तेव्हा मनात काय होतं याला महत्त्व नाही, व्यवहाराचा परिणाम काय झाला ते पाहायचं, असं सांगितलं.

न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात राहून अडचणीत आलेल्या मराठी माणसासाठी एक वाक्य: तिथल्या संघराज्य कायद्यातही इराद्याला विचारत नाहीत, परक्यासाठी ९० दिवस, नातेवाइकासाठी एक वर्ष, आणि घरगुती देण्यांत एका धनकोला एकूण सहाशे डॉलरपेक्षा कमी दिले असतील तर त्याच्या मागे लागत नाहीत. पुण्यातल्या भावाला ‘आधी तुझे पाठवतो’ म्हणून डॉलर पाठवणाऱ्यानं हे एक वर्ष ध्यानात ठेवावं.

मग अर्ज करण्याआधी कोणालाच काही द्यायचं नाही का? तसं नाही. किराणा, वीजबिल, चालू महिन्याचं घरभाडं, औषधं, मुलांची फी, वकिलाची वाजवी फी, ही जुनी देणी फेडणं नव्हे. पैसे दिले आणि त्याच वेळी मोल घेतलं. दुकानातल्या पोऱ्याचा पगार द्या. नोकर-मजुरांच्या अलीकडच्या पगाराला कायदाच, मर्यादेत का होईना, आधीची जागा देतो, तशीच सरकारी देण्यांना. घर तारण ठेवलेल्या बँकेचा हप्ता भरल्यानं सहसा कोणाचं नुकसान होत नाही, कारण तारणाच्या किमतीइतकं तिला तसंही मिळणारच असतं. पोटगी चुकवू नका. नादारीतून सुटका झाली तरी कोर्टानं ठरवलेली पोटगी सुटत नाही. आणि सासऱ्यांनी स्वतःच्या खात्यातून मुलाचे, म्हणजे तुमच्या मेहुण्याचे, पैसे परस्पर भागवले तर तो त्यांचा प्रश्न. तो पैसा तुमचा नव्हताच.

दोन चुका मात्र इतक्या सर्रास होतात की इथं थोडं थांबायला हवं.

पहिली, भविष्य निर्वाह निधी काढून देणी फेडणं. १९५२ च्या कायद्यानं या रकमेवर ना ऑफिशियल असायनीचा हक्क चालेल ना रिसीव्हरचा, असं नाव घेऊन लिहिलं. म्हातारपणासाठी राखलेला तो एकच डबा धनकोंच्या हाताबाहेर होता. माणूस तो आपण होऊन फोडतो, पैसे मेहुण्याला देतो, आणि मग ते मेहुण्याकडून मागितले जातात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या साठाव्या कलमानं आणखी बरंच राखलेलं आहे: अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरुण-पांघरुण, कारागिराची अवजारं, शेतकऱ्याची औतं, बैल आणि बियाणं, आणि धर्माच्या रूढीप्रमाणे बाईनं अंगावेगळे करू नयेत असे दागिने. आपल्या घरात हे शेवटचं वाक्य म्हणजे मंगळसूत्र. सोनाराकडे मंगळसूत्र मोडून कार्डाचं बिल भरणाऱ्यांनी निदान एवढं वाचावं.

दुसरी चूक, बिनपरवाना सावकाराला आधी देणं. तो दारात उभा राहतो, गावात बोलतो, म्हणून सगळ्यांत आधी त्याचं भागतं. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे परवाना नसलेल्या सावकाराला कोर्टातून हुकूमनामाच मिळत नाही, आणि बिनपरवाना सावकारी हा गुन्हा आहे. तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे करता येते. ज्याचा हक्क सगळ्यांत कच्चा, त्यालाच आपण रुपयाचा रुपया देतो.

उरला मेहुणा. त्याला पैसे देण्याऐवजी, अर्ज करण्याआधी त्याच्याकडे जाऊन खरं सांगा. ‘तुझे आता दिले तर उद्या कोर्ट तुझ्याकडून परत घेईल’ हे वाक्य अवघड आहे, पण नोटीस आल्यावर त्यानं ते दुसऱ्याकडून ऐकण्यापेक्षा बरं. त्याच्याशी झालेल्या व्यवहाराचा पुरावा म्हणून त्या वेळचा बँकेचा उतारा शोधून ठेवा, कारण कागद नसलेलं देणं सिद्ध करायला त्याला तोच लागेल. मुक्ततेचा हुकूम झाल्यावर स्वतःच्या नव्या कमाईतून त्याचे उरलेले तीन लाख हप्त्याहप्त्यानं फेडायला कोणताही कायदा आडवा येत नाही. तोवर थांबा.

आणि अर्जासोबतच्या यादीत त्याचं नाव घाला. ‘घरचा माणूस, त्याला कशाला कोर्टात ओढायचं’ म्हणून बरेच जण ते गाळतात, आणि वाटणीच्या वेळी त्याचा तो एक लाखही जातो. पूर्ण नाव, पत्ता, रक्कम, पैसे घेतल्याची तारीख. सगळं लिहा.